झाडपाल्याचं औषध

२ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. का झाला ते सांगत बसले तर त्याचंच एक पत्र होईल, म्हणून ते सोडून देते.

फोन का करत नाहीस म्हणून तू रागावलीस. मळ्यात फोन एकच, ऑफिसात, कारकुनाच्या टेबलावर. आपण बोलायला लागलो की तो पेन खाली ठेवतो आणि खिडकीबाहेर बघतो, म्हणजे कान आपल्याकडे. मोबाइलला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढलं तर. मॅनेजरच्या बायकोनं टाकीवर चढलेलं बरं दिसत नाही, असं हे म्हणतात. तेव्हा पत्रच बरं.

आता आनंदाची गोष्ट. मालकांनी शेवटी हो म्हटलं. लग्न होऊन इथे आल्यापासून मी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून कॉफीची झाडं बघत होते. किड्यांचं शास्त्र शिकून आलेली बाई, आणि काम काय तर पाहुण्यांना चहा. आता मला रोपवाटिकेमागची एक शेड मिळाली आहे, तीन पिंपं, एक दळणयंत्र आणि फवारणीच्या बाया. मालकांना माझ्या शिक्षणाचा पुळका आलेला नाही. परदेशातल्या खरेदीदारांनी कळवलंय की बियांत रसायनाचा अंश सापडला तर माल परत. म्हणून जुन्या औषधाची निळी पिंपं गोदामामागे हलवली. फेकली नाहीत, हलवली.

शत्रू म्हणशील तर तिळाएवढा काळा भुंगा. मादी फळाच्या टोकाला भोक पाडून आत शिरते आणि मग बाहेर येण्याचं नाव नाही. अंडी, पिल्लं, सगळा संसार कॉफीच्या बीच्या आत. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिच्या गावी नसतं. ती दारात असते तेवढ्यात काय ते करायचं. मी निंबोळ्या दळून, भिजवून, गाळून त्यात साबणाचं पाणी घालते. निंबोळी मारत नाही, खाण्यावरची वासना उडवते. हे मालकांच्या पचनी पडत नाही. त्यांना झाडाखाली मेलेल्या भुंग्यांचा सडा हवा. म्हणाले, "उपास करायला लावायचे असतील तर मठ काढू, मळा कशाला?" तेव्हा निंबोळीला अजून एका बीची जोड देऊन बघावी म्हणते.

बाया आधी जवळ यायला तयार नव्हत्या. निळ्या पिंपांनी त्यांना फार छळलंय. उलट्या, हात थरथरणं, डोकं गरगरणं. मी सगळ्यांसमोर बोट बुडवून जिभेला लावलं आणि असं काही तोंड झालं माझं की त्या हसत सुटल्या. म्हटलं, झाडपाल्याचं औषध आहे गं, घाबरू नका. सगळ्यात आधी पंप पाठीला लावला तो काकडीनं. उंच, सडसडीत बाई आहे, खालच्या फांद्यांसाठी तिला घडी होऊन वाकावं लागतं. सगळ्या तिला काकडीच म्हणतात आणि तीही ओ देते. तिची लेकही याच टोळीत आहे.

बाकी तेच. फाटकावर नाव लिहून बाहेर जायचं, नाव लिहून आत यायचं. बाजारात जायचं तर जीप हवी, जीप ह्यांना मागायची, आणि हे मालकांना विचारणार. तू कधी येतेस?

तुझी,
धाकटी

११ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र वाचून मीही त्या बायांबरोबर हसले. लहानपणी आईनं कडू काढा पुढे केला की तू पलंगाखाली शिरायचीस, आणि आता स्वतः करून स्वतःच चाटतेस. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

माझं बरं चाललंय. डोळ्यांच्या इस्पितळात दिवस कसा जातो कळत नाही. मोतीबिंदूची रांग दारापर्यंत असते. आजोबा लोक पट्टी काढल्यावर पहिल्यांदा मला बघतात आणि म्हणतात, "सिस्टर, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या असाल असं आवाजावरून वाटलं नव्हतं." अशी कौतुकं झेलत इस्पितळामागच्या माझ्या दोन खोल्यांत परत येते. आतली खोली तू आलीस तर तुझी, म्हणून अजून तिथे पसारा केलेला नाही.

एक बोलू का? तुझ्या पत्रात "हे म्हणतात" आणि "ह्यांना विचारायचं" फार आहे. आमचे जावईबापू लग्नातही काही बोलले नाहीत. फोटोवाला हसा म्हणाला तर हसले. मला गप्प माणसांची भीती वाटते. बडबड्याच्या मनात काय आहे ते निदान बाहेर तरी पडतं. तू सुखात आहेस ना? हे विचारायचा मला हक्क आहे, म्हणून विचारते.

यायचं तर मनात फार आहे. सुट्टी मिळाली की कळवते. फाटकावर माझंही नाव लिहून ठेवायला सांग.

ताई

३० ऑगस्ट

प्रिय ताई,

मी सुखात आहे. काळजी करू नकोस.

एक सहज विचारायचं होतं. समजा कोणाच्या डोळ्याला इजा झाली, डोळा लालबुंद आहे, पाणी वाहतंय, उजेड अजिबात सहन होत नाही, तर घरच्या घरी काय करावं? इथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मलम दिलंय आणि त्यानं दुखणं पुष्कळ कमी झालंय. म्हणजे बरं होतंय असंच समजायचं ना? तुझ्या पाहण्यात असे पेशंट येत असतील म्हणून सहज विचारलं.

सुट्टी काढून आत्ता येऊ नकोस. मळ्यात पाहुणे आहेत, धावपळ आहे.

धाकटी

४ सप्टेंबर

धाकटे,

एवढ्याशा पत्रात तू "सहज" दोनदा लिहिलंस, आणि भुंग्यांबद्दल एक अक्षर नाही.

मी या इस्पितळात अर्धं आयुष्य काढलंय. डोळा सुजलेल्या बायका येतात. कोणाला दार लागलेलं असतं, कोणाला कपाटाचा कोपरा. सोबत आलेला नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. आम्ही काही विचारत नाही, औषध घालतो. पण तू माझी बहीण आहेस, तेव्हा मी विचारणार. त्यानं तुला मारलं का?

मार असेल तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेव. कंपाउंडरच्या मलमानं आराम पडत असेल तर सूज उतरेपर्यंत ते चालू राहू दे. हे झालं डोळ्याचं. बाकीचं औषध एकच, बॅग भर आणि ये. फाटकावर नाव लिहावं लागतं तर लिही, ठळक अक्षरांत लिही. लोक काय म्हणतील, आई असती तर काय म्हणाली असती, हे सगळं मी बघते.

काल न राहवून मळ्याच्या ऑफिसात फोन केला. कारकून म्हणाला, बाईसाहेब मजेत आहेत. तुला बोलवायला सांगितलं तर फोन कटला.

ताई

९ सप्टेंबर

ताई,

हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई म्हणजे काकडी. आधी तिला डॉक्टरांकडे ने, मग पुढचं वाच.

माझे दोन्ही डोळे धडधाकट आहेत. ह्यांनी माझ्यावर कधी हात उचललेला नाही. तुझं पत्र ह्यांच्या हाती पडलं असतं तर काय वाटलं असतं, या विचारानं मला रडू आलं, पण तुला असं वाटायला मीच जागा ठेवली. पत्रं ऑफिसच्या थैलीतून जातात आणि कारकून पाकिटं उजेडात धरून बघतो. म्हणून नाव न घेता लिहिलं. तू ओळखशील असं वाटलं. तू भलतंच ओळखलंस.

झालं ते असं. निंबोळीला मी जोड दिली ती सीताफळाच्या बियांची. त्यानं खरंच भुंगे मेले, मालक खूश झाले, मीही झाले. ते पाणी डोळ्यात जाता कामा नये हे मला ठाऊक होतं. उवांसाठी त्या बिया लावताना आई आपल्या डोळ्यांवर कशी घट्ट पट्टी बांधायची ते तुलाही आठवत असेल. मी मुकादमाला बजावलं, चष्मे घातल्याशिवाय पंप द्यायचा नाही. त्यानं चष्मे दिले, पण ते निळ्या पिंपांच्या काळातले, चरे पडलेले. घामानं धूसर झाले की समोरचं झाड दिसत नाही, म्हणून बाया ते कपाळावर चढवतात. काकडीच्या पंपाचं तोंड तुंबलं. ती ते वर धरून काडीनं मोकळं करायला गेली आणि फवारा सरळ डोळ्यात बसला.

मुकादमाला मी बजावलं, पण बायांना काय सांगितलं होतं? झाडपाल्याचं औषध आहे, घाबरू नका. त्यानंतर नवी बी मिसळली तेव्हा त्यांना गोळा करून, आता घाबरा, असं मी सांगितलं नाही. पुन्हा पंपाला हात लावणार नाहीत असं वाटलं.

तिनं आधी पदरानं डोळा पुसला आणि काम पुरं केलं. मला कळलं ते संध्याकाळी. मी भरपूर पाण्यानं धुतला, पण उशीर झाला होता. मी ह्यांना म्हटलं, शहरात नेऊ. हे मालकांकडे गेले. त्याच आठवड्यात खरेदीदारांची माणसं मळा बघायला यायची होती. मालक म्हणाले, इथेच नीट करा, माणसं जाऊ देत, मग बघू. तेव्हापासून काकडी तिच्या खोलीत खिडकीला घोंगडी लावून पडून होती. कंपाउंडरच्या मलमानं ठणका थांबला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तुझंही पत्र आलं की मलम चालू राहू दे. पाहुण्यांना मी स्वतः मळा फिरवून दाखवला. त्यांनी माझ्या शेडचे फोटो काढले.

काल मी घोंगडी बाजूला करून पाहिलं. तिच्या बुबुळावर राखेचा कण पडल्यासारखा पांढुरका डाग आहे.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, आता नाही पाठवलं तर मी तिला पाठीवर घेऊन चालत जाईन. हे बराच वेळ बूट हातात धरून बसले. ह्यांची नोकरी, आमचं घर, सगळं मालकांच्या हातात आहे. मी तिच्याबरोबर गेले तर तो ह्यांचा राजीनामाच समजला जाईल, एवढंच बोलले. मग उठून दूधगाडीच्या ड्रायव्हरला थांबवून आले. काकडी आणि तिची लेक त्या गाडीतून येताहेत. फाटकावर नाव लिहायला लागू नये म्हणून दांडा ह्यांनी स्वतः वर केला.

तिचा डोळा वाचव.

धाकटी

१४ सप्टेंबर

धाकटे,

डोळा राहील. दृष्टी राहणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच तुला सांगते, गोड करून सांगत नाही. बियांच्या पाण्यानं बुबुळाची वरची साल गेली होती. तेवढं असतं तर आठवड्यात भरून आलं असतं. पण त्या मलमानं दुखणं दाबलं आणि आतला जंतू मोकाट वाढला. जखम खोल गेली आहे. आता भरेल ती फूल पडूनच. डावा डोळा गेला. उजवा चांगला आहे.

मलम चालू राहू दे, हे मी लिहिलं. माझी बहीण, माझं इस्पितळ, आणि पेशंट न बघता औषध मी सांगितलं, कारण तुझ्या नवऱ्याला शिव्या द्यायची मला घाई झाली होती. त्यांची माफी मी समोर आले की मागेन. पण तूही एक शब्द लिहिला असतास, "सीताफळ" एवढाच, तर मी त्याच दिवशी गाडी करून आले असते. कारकून वाचेल म्हणून नाही लिहिलास. कारकुनानं वाचलं असतं तर काय झालं असतं गं?

काकडी वॉर्डात आहे. खाटेत मावत नाही, पाय बाहेर येतात, म्हणून पायाशी स्टूल ठेवलंय. शेजारच्या म्हातारीला ती रोज उचलून खिडकीशी बसवते. स्वतःच्या डोळ्याचं तिला सांगितलं तेव्हा तिनं मला विचारलं, ती निळी पिंपं अजून गोदामामागेच आहेत का. मी म्हटलं, मला काय माहीत. तिची लेक रात्री खाटेखाली झोपते. तिला दिवस गेले आहेत, तुला ठाऊक आहे का?

कामावर झालेली इजा इस्पितळाला कळवावी लागते. आम्ही कळवली आहे. कामगार खात्याचा अधिकारी मळ्यावर चौकशीला येईल. तू खरं काय ते सांग. मालक पाहुण्यांसाठी थांबले, चष्मे जुने होते, बियांचं बायांना कोणी सांगितलं नव्हतं. तिला भरपाई मिळेल, निदान त्या मुकादमाला तरी चार गोष्टी कळतील. तुझं औषध बंद झालं तर होऊ दे.

ताई

८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

चौकशी झाली. आता माझी पत्रं दूधगाडीच्या ड्रायव्हरच्या हातून जातात, थैलीतून नाही, म्हणून मोकळं लिहिते. तुला सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू मला माफ करणार नाहीस. सांगूनही करशील की नाही, माहीत नाही.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी काकडी शेडमध्ये आली. डोळ्यावर तुमच्या इस्पितळाची हिरवी पट्टी. मी सीताफळाच्या बियांची उरलेली पोती खड्ड्यात पुरायला काढली होती, आता फक्त निंबोळीच ठेवली आहे. ती दारात वाकून आत आली आणि पोत्यावर बसली. म्हणाली, "बाई, उद्या काय सांगणार?"

"खरं सांगणार," मी म्हटलं.

"मग तुमचं औषध बंद होणार."

मी म्हटलं, झालं तर झालं. तिनं मान हलवली, एखाद्या पोरीला हिशेब येत नाही म्हणून हलवावी तशी. मग ती सांगत राहिली. निळ्या पिंपांच्या वर्षी लेकीच्या पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं. त्याच्या आधलंही गेलं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेत. फवारणीवरून काढा म्हणून मुकादमाचे पाय धरले तर तो म्हणाला, काम नाही त्याला खोली नाही. आणि खोली सोडून पोटुशी पोर जाणार कुठे. मी म्हटलं, पण तुझा डोळा?

"तो गेला. तुम्ही खरं बोललात म्हणून येणार आहे का?" ती म्हणाली. "माझ्यावर घाला. मी चष्मा घातला नाही म्हणा. पिंपं आणू नका."

मी तिला वचन दिलं नाही, ताई. हे खरंच लिहिते. रात्री मी ह्यांनाही सांगितलं की मी खरंच सांगणार. हे म्हणाले, सांग. आणि पाठ करून झोपले, म्हणजे झोपले नाहीत.

अधिकारी चांगला माणूस होता. चहा घेतला नाही. ऑफिसच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, मालक एका बाजूला, हे एका बाजूला, मुकादम पायरीवर उभा. बाया खाली अंगणात. अधिकाऱ्यानं आधी काकडीला बोलावलं. चष्मा दिला होता का, तर दिला होता. घातला होता का, तर नव्हता. का नाही, तर उकडत होतं म्हणून. चष्म्याला चरे होते, हे तिनं सांगितलंच नाही. मग त्यानं विचारलं, या औषधानं डोळ्याला इजा होते हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

मला वाटलं, इथे ती अडखळेल. ती अडखळली नाही. वळून माझ्याकडे बघितलं, पूर्ण मान वळवून, आणि म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

अंगणातल्या बायांपैकी एकही बोलली नाही. त्या सगळ्यांना मी सांगितलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते त्या सगळ्यांना पाठ आहे. तिची लेक त्यांच्यातच उभी होती, पोटावर हात ठेवून.

अधिकारी माझ्याकडे वळला. म्हणाला, "बरोबर?"

मी हो म्हटलं.

मालक संध्याकाळी बंगल्यावर आले. प्रकरण छान मिटलं म्हणाले. कामगाराचाच निष्काळजीपणा ठरला, भरपाईचा प्रश्न आला नाही. पण आम्ही माणुसकी सोडलेली नाही, तिला निवडणीच्या खोलीत बसून काम दिलंय, असंही म्हणाले. नवे चष्मे आले आहेत. माझी फवारणी पुढच्या वर्षीही चालू राहणार. ह्यांना शाबासकी मिळाली. ते गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, जेवतेस का. मी नको म्हटलं, तर हेही तसेच झोपले.

तुझी,
धाकटी

२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझ्या पत्राला दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली. पहिल्यात नुसता संताप होता. दुसऱ्यात मी फार शहाणी झाले होते. हे तिसरं.

काकडी तपासणीला येऊन गेली. जखम भरली. फूल पडलंय, डावीकडचं तिला काही दिसत नाही. दरवाजाच्या चौकटीला खांदा आपटला तर चौकटीकडे बघून हसली. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी तिला माझ्या खोलीवर आणलं आणि समोर बसवून विचारलं. म्हटलं, खरं सांग, माझ्या बहिणीचा तुला राग येत नाही?

ती म्हणाली, "येतो की. पण राग ठेवू कुठे? खोली त्यांची आहे."

मग बशीतला चहा संपवला, कपबशी धुऊन पालथी घातली आणि गेली. तेव्हापासून मला तुझ्यावर रागावता येईना.

आता कामाचं. इथल्या शेतकी शाळेत किड्यांचा विषय शिकवायला माणूस हवा आहे. मुख्याध्यापकांच्या आईचं ऑपरेशन आमच्याकडे झालं, मी तुझं नाव घातलंय, ते तयार आहेत. आतली खोली रिकामीच आहे. जावईबापूंनाही घेऊन ये. मला त्यांची माफी मागायची आहे आणि ती पत्रातून मागायची नाही. त्यांना इथे काही ना काही मिळेल. नाही मिळालं तर मिळेपर्यंत मी दोघांना पोसते. तिथे राहिलीस तर रोज त्या बायांच्या समोरून जावं लागेल. ते तुला झेपणार नाही. मी तुला पलंगाखालून ओढून काढलेली आहे, मला माहीत आहे तू किती वेळ श्वास धरू शकतेस ते.

लवकर कळव. ते दुसरा माणूस बघतील.

ताई

२१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

शेतकी शाळेला नाही म्हणून कळव. आणि आधी पूर्ण वाच, मग रागाव.

तुझं पत्र मी ह्यांना वाचायला दिलं. मारलं का म्हणून विचारलंस तेही, आताचंही. ह्यांनी दोन्ही वाचली. माफीचं काही नाही, तुझ्या ताईला बहिणीची काळजी आहे, म्हणाले. आणि म्हणाले, तू जा, मी मागून येतो. ताई, हे असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी माळ्यावरून माझी बॅग काढून पुसून ठेवली.

मी रीतसर सांगायला मालकांकडे गेले. ते अगदी गोड बोलले. जरूर जा, कोण अडवतंय, मोठ्या शहरात तुमच्या ज्ञानाचं चीज होईल. मी विचारलं, फवारणीचं काय? ते म्हणाले, तुम्ही असताना ठीक होतं. निंबोळीला माणूस मागे लागतो, पडलेली फळं वेचायला बाया लागतात, सगळं वेळेवर लागतं. तुमच्यामागे कोण करणार? खरेदीदारांचं मी बघेन, त्यांना वेगळ्या तुकड्यातला माल दाखवता येतो. आणि पिंपं आहेतच.

निघताना त्यांनी मला नमस्कार केला.

खरंच कोणी अडवत नाही गं. फाटकावर नाव लिहून आज संध्याकाळच्या गाडीनं निघता येईल. काकडीच्या लेकीचं बाळंतपण होईपर्यंत थांब, मग ये, असं तू म्हणशील. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण फवारणीच्या टोळीत अजून दोघींना दिवस आहेत, आणि एकीचं लग्न झालंय नुकतंच. मग पुढच्या वर्षी कोणी असेल, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी. बॅग परत माळ्यावर ठेवली. ठेवताना हे शिडी धरून उभे होते.

निंबोळीचं काम बरं चाललंय. भुंगा संपलेला नाही, संपणारही नाही, पण फळं वेचून जाळली आणि वेळेवर फवारलं की आटोक्यात राहतो. नवी पोती आली की मी बायांना गोळा करते आणि यात काय आहे, कशानं काय होतं, सगळं मोठ्यानं सांगते. त्या ऐकून घेतात. आता हसत नाहीत.

काकडीची पाळी निवडणीच्या खोलीत असते. तिथे जायची वाट खालून आहे, पण ती रोज सकाळी चढ चढून शेडवरून जाते. दारात थांबते. डावीकडचं दिसत नाही म्हणून पूर्ण मान वळवून आत बघते. मी पिंपात काठी घालून ढवळत असते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, ये, बस. ती बसली नाही. मी आत आहे एवढं बघते आणि कामाला जाते.

तुझी,
धाकटी